तपासणीचं स्टूल

४ सप्टेंबर

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर बोलायला गेलं की तुझा दादा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतो आणि मी "बरी आहे, मजेत आहे" यापलीकडे जात नाही. जे सांगायचंय ते त्याच्यासमोर सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरी नको.

परवा मी कामावर गेले. बरोबर आठ महिन्यांनी. डावा पाय नवा, कृत्रिम, आणि हातात काठी. चौदा वर्षं ज्या उजेडाच्या पाटीसमोर उभी राहिले, तिथे मला कधी एकदा जाते असं झालं होतं. तू एकदा आली होतीस ना बघायला? इंजेक्शनच्या कुप्या पट्ट्यावरून सरकत येतात, मागून पांढरा उजेड, आणि आपण तडा, बुडबुडा, काचेचा कण शोधायचा. दहा मिनिटांत डोळे चोळायला लागली होतीस.

पण पाटीपर्यंत पोचलेच नाही. विभागप्रमुखांनी दारातच गाठलं, केबिनमध्ये नेलं आणि स्वतः खुर्ची ओढून दिली. हे साहेब चौदा वर्षांत कधी कोणाला बसा म्हणालेले नाहीत, त्यामुळे माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. म्हणाले, तुमच्यासाठी फाटकावरचं टेबल ठेवलंय. आल्यागेल्याची नावं वहीत लिहायची. पगार तोच, दगदग नाही.

मी म्हटलं, आठ तास उभं राहणं आता जमणार नाही हे खरं, पण एक उंच स्टूल दिलंत तर माझं काम मी करीन. त्यावर ते अगदी मायेने हसले. "तपासणीला कोणी बसत नाही हो. बसलं की माणूस पेंगतो."

आत्ता फाटकावर बसूनच लिहितेय. दादाला मी अजून काही बोललेले नाही. त्याला सांगितलं तर तो सुटकेचा नि:श्वास टाकेल, आणि तो मला बघवणार नाही. जानेवारीत ट्रक आमच्या स्कूटरवर आला तेव्हा स्कूटर तो चालवत होता. त्या दिवसाबद्दल आजतागायत त्याने तोंडातून अक्षर काढलेलं नाही. मला वाटतं, काठी घेऊन चारचौघांत फिरणारी बायको त्याला नको आहे.

तू एचआरमध्ये आहेस. मी काय करू, सांग.

तुझी,
वहिनी

१२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आमच्या शिपायाने सगळ्यांसमोर आणून दिलं. पाकिटावर हाताने लिहिलेलं नाव बघून अर्ध्या ऑफिसला वाटलं की माझं लग्न ठरतंय.

मी तुला स्पष्टच सांगते. फाटकावरचं टेबल घे. वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्या कपड्याच्या कंपनीत मी अशी प्रकरणं पाहिली आहेत. मोठ्या अपघातानंतर परत आलेल्या माणसाला घरचा रस्ता दाखवणाऱ्या कंपन्या कमी नाहीत. तुला तर सुलभ आणि सन्मानाचं काम मिळतंय, पगारही कमी होत नाहीये. आधी वर्षभर शरीर सावरू दे. मग बघू.

दादाबद्दल मात्र तू चुकते आहेस. त्याला लाज वाटत नाही. तो घाबरतो. तू जिना चढताना तो खाली उभा राहतो, तुला कळू न देता. यापेक्षा जास्त मी काही बोलत नाही.

तब्येतीला जप.

तुझी,
ठमी

१९ सप्टेंबर

प्रिय ठमे,

तुझा सल्ला मानून पाहिला. दोन आठवडे झाले फाटकावर.

काम काय आहे ते ऐक. सकाळी साडेसात ते आठ लोक येतात. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत एखादा ट्रक, एखादा कुरिअरवाला. ट्रकवाल्याचा नंबर पहारेकरी स्वतःच्या वहीत लिहितो. मग मी तोच नंबर माझ्या वहीत लिहिते. काल मी पहारेकऱ्याला विचारलं, माझ्याआधी हे टेबल कोणाचं होतं? तो बिचारा खजील झाला. टेबल माझ्यासाठीच मांडलंय.

आणि तिकडे माझ्या जागेवरची नवी मुलगी. तिचा दोष नाही, शिकायला दोन वर्षं लागतातच. पण गेल्या आठवड्यात एका इस्पितळाकडून पूर्ण खोका परत आला. कुपीच्या मानेला केसासारखा तडा होता. तो उजेडात सरळ दिसत नाही, कुपी फिरताना क्षणभर चमकतो. मला दिसला असता. हे मी फुशारकीने म्हणत नाहीये. ते औषध कोणाच्या तरी दंडात जातं.

पाय गेला माझा. डोळे आहेत, हात आहेत आणि चौदा वर्षांची सवय आहे. मी वहीत नंबर उतरवत आयुष्य काढणार नाही.

आता मला एका प्रश्नाचं उत्तर दे. मी तुझी वहिनी नाही असं समज. मी तुझ्या कंपनीतली बाई आहे आणि तुझ्या टेबलासमोर उभी राहून स्टूल मागतेय. तू काय केलं असतंस?

वहिनी

६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

उशीर झाला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देत नाही, देईन. आज कामाचं लिहिते.

कायद्यात एक शब्द आहे, 'वाजवी सोय'. अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काम तेच ठेवून ते करायची पद्धत बदलून मिळते. खुर्ची, जागा, वेळ, अवजार, काय लागेल ते. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यालाही हे लागू आहे. कंपनीला खरोखरच झेपणार नसेल तरच ती नाही म्हणू शकते, आणि झेपत नाही हे तिने दाखवायचं. नुसतं 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' हे कारण चालत नाही. मुख्य म्हणजे तिने तुझ्याशी बसून बोललंच पाहिजे.

म्हणून तोंडी मागू नकोस. लेखी अर्ज दे आणि प्रतीवर पोच घे. अर्जात अपघाताची कहाणी सांगत बसू नकोस. कामातला कोणता भाग अडतो आणि त्यावर नेमकं काय हवं, एवढंच लिही. उंची लिहायची तर मोजून लिही. डॉक्टरांकडून पत्र घे, पण 'विश्रांती हवी' असलं नको. किती वेळ उभं राहता येतं आणि बसून काम करायला हरकत नाही, असं स्वच्छ लिहून घे.

अर्ज पाठवण्याआधी मला दाखवायची गरज नाही. तुझ्या शब्दांत लिही.

तुझी,
ठमी

२४ ऑक्टोबर

ठमे,

अर्ज दिला. चार गोष्टी मागितल्या. पट्ट्याच्या उंचीला जुळणारं, पाठ आणि पाय टेकायला आधार असलेलं स्टूल. कपडे बदलायची खोली वरच्या मजल्यावर आहे, तर माझं कपाट खाली. पाळीच्या मध्ये दहा मिनिटं, पाय काढून उरलेल्या भागाला हवा लागू द्यायला; तेवढा वेळ मी जेवणाच्या सुट्टीतून कापून देते. आणि आग लागली तर कोणत्या दाराने निघायचं ते आधी ठरवून, सरावासकट.

आज बैठक झाली. विभागप्रमुख, एचआरवाला आणि कारखान्याचे डॉक्टर. पेंगण्याचा मुद्दा आला. मी म्हटलं, सूक्ष्मदर्शकावरच्या बायका बसूनच असतात, त्या पेंगतात का? डॉक्टरांनी मान डोलावली. मग आगीचा मुद्दा. मी म्हटलं, आमचा विभाग तळमजल्यावर आहे, बाहेरपर्यंत सपाट रस्ता आहे, मी चालत जाऊन मोजलाय, पन्नास सेकंद. मग साहेब म्हणाले, आज तुम्हाला स्टूल दिलं तर उद्या सगळ्या मागतील. मी म्हटलं, मागू देत, त्यांचं त्या बोलतील, माझं माझ्याशी बोला.

बाजू सावरत होती. तेवढ्यात एचआरवाल्याने फाइलमधून एक कागद काढला. "पण बाई, तुमच्या घरूनच तर विनंती आली होती."

वीस ऑगस्टचं पत्र. मी कामावर यायच्या दोन आठवडे आधीचं. खाली तुझ्या दादाची सही. 'माझ्या पत्नीस तपासणीचे काम देऊ नये. तिला बसून करावयाचे सुलभ व सन्मानाचे काम द्यावे.'

ठमे, तुझ्या दादाला दोन ओळींची चिठ्ठी लिहायला घाम फुटतो. 'सुलभ व सन्मानाचे' हे त्याचे शब्द नाहीत. तुझे आहेत, बारा सप्टेंबरच्या पत्रात लिहिलेस तेच.

माझ्यासाठी ते टेबल साहेबांनी मांडलं असं मी धरून चालले होते. ते माझ्याच घरच्यांनी मांडलं.

मी त्यांना सांगितलं की माझ्या कामाबद्दल मी बोलेन, हे पत्र मला मान्य नाही, तसं नोंदवून घ्या. त्यांनी नोंदवलं. पण बैठक तिथेच मोडली.

उत्तर लिहायचं तर खरं लिही. नाहीतर राहू दे.

२ नोव्हेंबर

वहिनी,

हो. मी लिहिलं.

ऑगस्टमध्ये दादा इथे आला होता, ऑफिसच्या कामाला म्हणून. काम काही नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडला. म्हणाला, ती रोज आठ तास त्या पायावर उभी राहिली आणि कुठे पडली तर दुसऱ्यांदा मीच तिला पाडलं असं होईल. मला त्याचं रडणं बंद करायचं होतं, बाकी काही सुचलं नाही. मी कागद ओढला आणि दहा मिनिटांत लिहून दिलं. अशी पत्रं लिहिणं माझ्या हातचा मळ आहे. तुला विचारायला हवं होतं हे मला लिहिताना एकदाही आठवलं नाही. मग तू मलाच सल्ला विचारलास, आणि सांगायची हिंमत झाली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या टेबलासमोर तू स्टूल मागितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हटलेलंच आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नमुने कापायच्या कामाला एक मुलगी अर्ज घेऊन आली. ऐकू येत नव्हतं. मुलाखतीआधी तिने चिठ्ठी पुढे केली: प्रश्न लिहून दिलेत तर बरं होईल. बाहेर अकरा उमेदवार बसले होते आणि माझे साहेब घड्याळ बघत होते. मी तिला हाताने खूण केली की वेळ नाही. मग आम्ही तोंडी प्रश्न विचारले, ती आमच्या ओठांकडे बघत राहिली, निम्मे प्रश्न तिला कळले नाहीत. मी तिच्या फॉर्मवर लिहिलं, 'संवादास अडचण'. तिने सोबत आणलेला कापलेला नमुना त्या दिवशीच्या सगळ्या नमुन्यांत सरस होता. तो आम्ही परतसुद्धा केला नाही.

तुझ्या अर्जासाठी मी कायदा काढून वाचला तेव्हा, उमेदवारांबद्दलचं कलम वाचताना, मला ती आठवली. नियम मला आधीही माहीत होते. पाठ होते.

माफी मागतेय. तू दादावर फार रागावू नकोस. हत्यार मी दिलं.

ठमी

२३ नोव्हेंबर

वहिनी,

तीन आठवडे झाले. फोनवर दादा "ठीक आहे" म्हणून फोन ठेवतो. अर्जावर लेखी उत्तर आलं नसेल तर तीस दिवसांनी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार देता येते, नमुना सोबत जोडलाय. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण हा वापर.

ठमी

१५ डिसेंबर

प्रिय ठमे,

नमुना वापरावा लागला नाही, पण तो पर्समध्ये असल्याचा उपयोग झाला.

त्या बैठकीनंतर घरी आले आणि दादापुढे त्याच्या पत्राची मागून घेतलेली प्रत ठेवली.  चौथ्या दिवशी मी त्याला म्हटलं, तू माझा पाय घेतलास असं मी कधीच म्हटलं नाही, पण काम मात्र तू घेतलंस.  तेव्हा तो पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोलला. ट्रकचा दिवा कुठून दिसला, त्याने हॅन्डल कुठे वळवलं, उजवीकडे वळवलं असतं तर काय झालं असतं. दोन तास. मी ऐकलं. मलाही काही गोष्टी आठवत नव्हत्या, त्या तेव्हा कळल्या.

दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या दिवसाची रजा काढून कारखान्यात गेला. या वेळी कोणाकडून लिहून घेतलं नाही. कागद मी नंतर पाहिला. शुद्धलेखनाच्या सहा चुका. 'मागचं पत्र मी तिला न विचारता दिलं. ते चूक होतं. ते रद्द समजा. तिचं काम तिला विचारून ठरवा.'

मग मी पुन्हा बैठक मागितली. साहेबांनी आढेवेढे घेतले, तेव्हा तुझा नमुना टेबलावर ठेवला. मग डॉक्टर म्हणाले, तीन महिने करून बघायला काय हरकत आहे? तसं लेखी ठरलं.

पहिलं स्टूल आलं ते ऑफिसातलं फिरतं. पट्टा माझ्या हनुवटीला लागत होता. साहेबांचा चेहरा असा, की बघा, मी म्हटलं नव्हतं? मी वर्कशॉपच्या वेल्डरला गाठलं. त्याने मला बसवून, उठवून, परत बसवून मापं घेतली आणि भंगारातल्या पाइपांचं स्टूल बनवलं. दिसायला भयंकर आहे. पण डावी मांडी मोकळी राहते आणि पाटी अगदी डोळ्यासमोर येते.

सोपं नाहीये. नव्या पायाचं सॉकेट घासतं, कधी कधी दहा मिनिटं पुरत नाहीत. दोघी जणी कुजबुजतात की हिची चैन आहे. ऐकू येतं मला. पहिल्या आठवड्यात घरी जाऊन रडलेसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी पाळीला वेळेवर होते.

तुझ्यावर रागावले होते. अजून थोडा राग आहे. तो ओसरेल. त्या नमुने कापणाऱ्या मुलीचं मात्र तू काहीच लिहिलं नाहीस. तिला पत्र लिहिलंस का? नसेल, तर मला पुढचं पत्र लिहायच्या आधी तिला लिही.

वहिनी

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

लिहिलं. जुन्या फॉर्मवरचा पत्ता बदलला होता, शोधायला वेळ लागला. तिचा नमुना गोदामात सापडला, तोही सोबत पाठवला.

तिचं उत्तर आलं. ती दुसऱ्या एका शिवणकारखान्यात नमुन्यांची मुख्य आहे. आमच्याकडे यायची तिला इच्छा नाही, आणि ते तिने गोड न बोलता लिहिलंय. शेवटी विचारलंय, प्रश्न लिहून द्यायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

मी घड्याळ लावून ते सगळे प्रश्न लिहून पाहिले. अकरा मिनिटं.

तेव्हापासून आमच्या मुलाखतीच्या प्रत्येक पत्रात एक ओळ जाते: 'मुलाखतीसाठी कोणती सोय हवी असल्यास आधी कळवावे, ती केली जाईल.' साहेबांना ती ओळ फार लांब वाटली. मी म्हटलं, काढायची असेल तर तसं लेखी द्या. त्यांनी दिलं नाही. गेल्या महिन्याभरात चौघांनी कळवलं. एकाच्या डोळ्यांना उजेड झोंबतो, त्याला नुसती खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची हवी होती.

तुझ्या तीन महिन्यांचं काय झालं ते कळव. घरच्या पत्त्यावर लिहू का आता?

ठमी

१० मार्च

प्रिय ठमे,

हो, घरीच लिही. दादाच पाकीट फोडायची घाई करेल.

शुक्रवारी मुदत संपली. आमच्याकडे चाचणीची एक पद्धत आहे. चांगल्या कुप्यांमध्ये मुद्दाम चाळीस सदोष कुप्या मिसळून पट्ट्यावर सोडतात, कोणाला न सांगता. तीन महिन्यांत माझ्या पाळीत तीन वेळा सोडल्या होत्या. एकशेवीसपैकी माझ्याकडून दोन निसटल्या. उभं राहून काम करत होते तेव्हा चारपाच निसटायच्या. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, स्टूल राहू द्या. मी म्हटलं, तसं लिहून द्या, चारही गोष्टी. त्यांनी लिहून दिलं आणि सही केली. कपाट खाली आलंय. आगीचा सरावही झाला. मी सगळ्यांबरोबर बाहेर होते, साहेब माझ्यानंतर आले.

फार आनंद झाला असं सांगितलं तर खोटं ठरेल. मी फक्त माझ्या जागेवर परत गेले. त्यासाठी सहा महिने लागले, याचा अजून संताप येतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधला एक माणूस येऊन माझ्यासमोर उभा राहिला. पन्नाशीचा, फारसा कोणाशी न बोलणारा. त्याला उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. मुकादम मागून हाक मारतो, याला कळत नाही, आणि फाइलमध्ये 'आज्ञा पाळत नाही' असे तीन शेरे पडलेत. चौथ्याला नोकरी जाईल. त्याने विचारलं, "बाई, तुम्ही तो अर्ज कसा लिहिलात?"

मी विचारलं, आधी सांगा, तुम्हाला काय हवंय?  नऊ वर्षांत कोणी त्याला हे विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "माझ्या समोर येऊन बोलावं. किंवा डाव्या बाजूने. एवढंच."

मी म्हटलं, मग तेवढंच लिहायचं.

आम्ही दोघांनी मिळून लिहिला. पाच ओळी झाल्या. त्याने तीन वेळा वाचला, सही केली आणि विचारलं की हे देताना कोणी सोबत असलं तर चालतं का. मी सांगितलं, चालतं.

उद्या दहा वाजता आम्ही दोघं जातोय. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.

तुझी,
वहिनी